काही इंग्रजी क्रियापदे चालू काळात का बसत नाहीत?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी वाईजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. चालू वर्तमानकाळ शिकवताना एका ठिकाणी माझे स्पष्टीकरण दरवर्षी अपुरे पडते, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत एक यादी दिलेली असते. नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग, कन्टेन, नीड, वाँट, लाइक, हेट, सी, हिअर, स्मेल आणि अशीच आणखी बरीच क्रियापदे तिच्यात असतात. यांना 'आयएनजी' लावून चालू काळ करू नये, असा नियम त्या यादीखाली असतो आणि मुले तो पाठही करतात. मात्र त्याच पुस्तकात पुढे 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो' आणि 'वी आर हॅविंग लंच' अशी वाक्ये येतात, आणि मग हा नियम आहे की सवलत, असा प्रश्न मुलांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो.

या वर्षी नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, मला उत्तर माहीत आहे, म्हणजे ते मला आत्ता, या क्षणी माहीत आहे. माहीत असणे चालूच आहे. मग 'आय ॲम नोइंग द आन्सर' चूक कसे?" तिच्या तर्कात मला कुठे खोट सापडत नाही. इंग्रज लोक तसे बोलत नाहीत, हे उत्तर खरे असले तरी त्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झालेले नाही. या क्रियापदांच्या अर्थातच असे काही आहे का, की ज्यामुळे चालू काळ त्यांना नकोसा होतो? आणि ते मराठीत विचार करणाऱ्या मुलांना कसे समजावून सांगावे?

व्याकरणमित्र यांचे उत्तर

ताई, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. 'आत्ता जे आहे ते चालू काळात' एवढाच नियम असता, तर तिचे म्हणणे मान्य करून 'आय ॲम नोइंग' शुद्ध धरावे लागले असते. म्हणून नियमाची मांडणीच थोडी बदलायला हवी.

आधी साध्या वर्तमानकाळाकडे पाहू, कारण खरी गाठ तिथे आहे. 'शी वॉक्स टु स्कूल' या वाक्यावरून ती मुलगी आत्ता रस्त्यात आहे की घरी जेवायला बसली आहे, हे मुळीच कळत नाही. तिची रोजची रीत तेवढी कळते. 'शी नोज द वे' या वाक्यात रचना तीच असूनही अर्थ थेट आत्ताचा आहे. हा फरक पडण्याचे कारण क्रियापदांच्या अर्थात आहे. शाळेत चालत जाण्याला वेळ लागतो. घरून निघणे, वाटेत असणे, पोहोचणे असे त्याचे टप्पे आहेत, आणि बोलणाऱ्याचा 'आत्ता' इतका लहान असतो की ती सबंध क्रिया त्यात मावत नाही. त्यामुळे अशा क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ इंग्रजीत सवयीच्या अर्थाकडे सरकतो. वाट माहीत असण्याला मात्र असे टप्पे नसतात. आजच्या कोणत्याही एका क्षणी थांबून पाहिले तरी ते माहीत असणे पूर्णच्या पूर्ण तिथे सापडते, म्हणून साधा वर्तमानकाळच आत्ताचा अर्थ द्यायला पुरेसा होतो. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात चेंडू टाकला, फटका मारला या गोष्टी साध्या वर्तमानकाळात सांगतात, त्याचेही कारण हेच आहे, कारण त्या क्रिया सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत क्षणात पुऱ्या होतात आणि म्हणून 'आत्ता'त मावतात.

आता चालू काळ काय करतो ते पाहू. 'शी इज वॉकिंग टु स्कूल' असे म्हणताना आपण टप्प्याटप्प्याने घडणाऱ्या एका क्रियेच्या आत शिरतो आणि सांगतो की ती सुरू झालेली आहे, संपलेली नाही आणि या घटकेला मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर आहे. म्हणजेच चालू काळ एका घडणाऱ्या गोष्टीला घटकाभर स्थितीचे रूप देतो. ज्या क्रियापदाचा अर्थ मुळातच स्थिती हा आहे, त्याच्या बाबतीत हे काम करायला शिल्लकच राहत नाही. आपल्या विद्यार्थिनीला सांगता येईल की उत्तर माहीत असणे आत्ता आहे हे अगदी खरे, पण ते अर्धे झाले आहे आणि अर्धे व्हायचे आहे असे म्हणता येत नाही. इंग्रजी चालू काळाला ते 'होत असणे' लागते.

या विषयावर तत्त्वज्ञांनी आणि भाषावैज्ञानिकांनी बरेच लिहिले आहे. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंग्रजी क्रियापदांचे चार गट पाडले. धावण्यासारख्या कितीही वेळ चालू शकणाऱ्या क्रिया, वर्तुळ काढण्यासारख्या शेवट ठरलेल्या क्रिया, शिखरावर पोहोचण्यासारख्या एका क्षणात घडणाऱ्या घटना आणि माहीत असण्यासारख्या स्थिती, असे ते गट आहेत. त्याने वापरलेली कसोटी वर्गातही वापरता येण्याजोगी आहे. 'व्हॉट आर यू डूइंग?' या प्रश्नाला 'आय ॲम रनिंग' हे उत्तर चालते, 'आय ॲम नोइंग' चालत नाही. पुढे १९७६ साली बर्नार्ड कॉमरी यांनी चालू रूपाची व्याख्या करताना, स्थितीहून वेगळा असा क्रियेचा अर्थ आणि त्या क्रियेचे चालू असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात असे मांडले.

माझा आग्रह एवढाच आहे की क्रियापदांची यादी पाठ करून घेऊ नये, कारण स्थिती किंवा क्रिया हा गुण सुट्या क्रियापदाचा नसून वाक्यात ते ज्या अर्थाने आले आहे त्या अर्थाचा असतो. 'द बॅग वेज फाइव्ह किलोज' यात पिशवी काही करत नाही, तिचे वजन तेवढे आहे. 'द ग्रोसर इज वेइंग द बॅग' यात वाणी पिशवी ताजव्यात ठेवतो, काटा स्थिरावण्याची वाट पाहतो, वजन उचलतो, आणि म्हणून चालू काळ सहज येतो. 'आय थिंक ही इज राइट' यात थिंक म्हणजे मत असणे. 'आय ॲम थिंकिंग अबाउट युअर ऑफर' यात थिंक म्हणजे मनात उलटसुलट तोलत बसणे. आपल्या पुस्तकातल्या 'वी आर हॅविंग लंच' मधील हॅव हे मालकीचे नसून जेवण्याचे आहे, तर 'सीइंग द डॉक्टर' मधील सी हे दिसण्याचे नसून भेटायला जाण्याचे आहे. त्यामुळे ती वाक्ये नियमाचा भंग करत नाहीत.

सर्वांत बोलके उदाहरण 'बी' या क्रियापदाचे आहे, आणि त्यावर वर्गात एक पूर्ण तास दिला तरी तो सत्कारणी लागेल. 'ही इज काइंड' म्हणजे तो स्वभावाने दयाळू आहे. 'ही इज बीइंग काइंड' म्हणजे आत्ता, या प्रसंगी, तो दयाळूपणे वागतो आहे. त्याचा स्वभाव तसा असेलच असे नाही. 'ही इज बीइंग टॉल' मात्र होत नाही, कारण उंच असणे हे कोणाच्या वागण्यात येत नाही, ते ठरवून करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. इथे आज्ञार्थाची कसोटी मुलांना पटकन कळते. 'बी काइंड' अशी आज्ञा करता येते, 'बी टॉल' अशी करता येत नाही. जे सांगून करवून घेता येते ते बहुधा चालू काळात बसते. ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, कारण पाऊस कोणाच्या आज्ञेने पडत नाही आणि तरी 'इट इज रेनिंग' हे वाक्य निर्दोष आहे. परंतु माणूस कर्ता असलेल्या वाक्यांत ती चांगली उपयोगी पडते.

लेखणी-ठाणे यांचे उत्तर

व्याकरणमित्र सरांनी इंग्रजीची बाजू नीट उलगडली आहे. मी इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करते आणि नवीन अनुवादकांचे मसुदे तपासते, त्यामुळे मला या प्रश्नाची मराठी बाजू मांडाविशी वाटते. आपल्या मुलांच्या हातून 'आय वॉज नोइंग हिम' असे जे वाक्य लिहिले जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी मराठीच्या भूतकाळात आहे असे माझे मत आहे.

वर्तमानकाळात मराठी आणि इंग्रजी काही अंतर बरोबर चालतात. 'मी त्याला ओळखतो' हे आपण साध्या वर्तमानकाळातच म्हणतो; 'मी त्याला ओळखत आहे' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे नियमाचे बीज मुलांच्या कानात आधीपासून आहे, आणि ताईंनी तिथून सुरुवात केली तर नियम परका वाटणार नाही.

आता भूतकाळात जाऊन पाहा. 'मी त्याला ओळखले' याचा अर्थ काय होतो? गर्दीत चेहरा दिसला आणि ओळख पटली, असा. ती एका क्षणाची घटना झाली. पूर्वी आमची ओळख होती हे सांगायचे असेल तर आपण 'मी त्याला ओळखत होतो' असेच म्हणतो. 'मला कळले' ही घटना आहे आणि 'मला कळत होते' ही स्थिती आहे. 'मला ते गाव आवडले' म्हणजे पाहताक्षणी मन बसले, आणि 'मला ते गाव आवडत होते' म्हणजे ती आवड काही काळ होती. मराठीत स्थितिवाचक क्रियापद साध्या भूतकाळात घातले की ते घटना होऊन बसते, आणि स्थिती टिकवायची तर 'त होतो, त होती, त होते' या रूपाकडे यावे लागते. इंग्रजीत याच्या उलट आहे. तिथे 'न्यू' हे साधे रूपच स्थिती सांगते, आणि ओळख पटली किंवा कळून आले हे सांगायला 'रेकग्नाइज्ड', 'रिअलाइज्ड', 'फाउंड आउट' अशी वेगळी क्रियापदे आणावी लागतात.

शाळेत आपण काय शिकवतो? 'करत होता' म्हणजे 'वॉज डूइंग', हे समीकरण पाचवीपासून पक्के करून घेतो. मुलाच्या मनात 'मी त्याला ओळखत होतो' हे वाक्य असते, समीकरण त्याला तोंडपाठ असते, आणि ते प्रामाणिकपणे लावले की 'आय वॉज नोइंग हिम' तयार होते. मुलाने नियम मोडलेला नाही, आपण दिलेला नियमच पाळला आहे. मराठीतले 'त होतो' हे रूप चालू क्रिया, सवय आणि स्थिती असे तिन्ही भार वाहते, आणि इंग्रजीतले 'वॉज' अधिक 'आयएनजी' यांपैकी प्रामुख्याने पहिलाच भार वाहते, हे समीकरणाबरोबरच सांगायला हवे. 'तेव्हा आम्ही नाशिकला राहत होतो, माझे वडील दूध घेत नव्हते, मी शेजारच्या काकांना चांगला ओळखत होतो' या तिन्ही अर्थांना मराठीत एकच वेश आहे. इंग्रजीत 'लिव्ह्ड', 'डिड नॉट टेक' आणि 'न्यू' ही साधी रूपे येतील; फार तर पहिल्या वाक्यात, वास्तव्य तात्पुरते होते असे सुचवायचे असेल तर, 'वेअर लिव्हिंग' चालेल.

वर्तमानकाळातही एका ठिकाणी वाटा फुटतात. दिसणे, ऐकू येणे, वाटणे, आठवणे, समजणे ही आपली क्रियापदे 'मला' घेऊन येतात आणि चालू रूपात आनंदाने बसतात. 'मला डोंगर दिसतो आहे', 'मला आवाज येत नाहीये', 'समजतंय का?' हे आपण दिवसभर बोलतो. त्यातूनच वर्गात 'आर यू अंडरस्टँडिंग?' आणि फोनवर 'आय ॲम नॉट हिअरिंग यू' ऐकू येते. इंग्रजीने डोळे-कानांच्या या क्रियापदांसाठी वेगळी सोय केली आहे, ती म्हणजे 'कॅन'. 'आय कॅन सी द हिल', 'आय कान्ट हिअर यू' ही त्या मराठी वाक्यांची खरी जोडीदार आहेत, आणि इथे 'कॅन'चा अर्थ 'शकणे' असा घेऊन 'मी डोंगर पाहू शकतो' असे भाषांतर करणेही टाळावे. 'समजतंय का?' साठी 'डू यू अंडरस्टँड?' किंवा 'आर यू फॉलोइंग?' दोन्ही चालते, कारण बोलणाऱ्याच्या मागोमाग मनाने जाणे ही क्रिया आहे.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूक मला याच कुळातली वाटते. मराठीत इंग्रजी हॅवसारखे क्रियापद नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे गाडी आहे' असे आपण 'आहे'वर भागवतो. मनातले 'आहे' 'ॲम' होऊन बाहेर येते, आणि हॅव त्याच्यामागे आले की त्याला 'आयएनजी' लागल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही.

उलट दिशेची चूकही मुलांना दाखवावी, म्हणजे इंग्रजी क्रिया कशाला म्हणते आणि मराठी कशाला म्हणते हे त्यांना दोन्ही बाजूंनी दिसेल. 'तो खुर्चीवर बसला आहे', 'त्याने निळा शर्ट घातला आहे', 'बाळ झोपले आहे' ही आपली पूर्ण वर्तमानकाळाची वाक्ये आहेत. बसण्याची क्रिया संपली आणि आता बसलेली स्थिती उरली, असा आपला हिशेब आहे. इंग्रजी तिथे 'इज सिटिंग', 'इज वेअरिंग', 'इज स्लीपिंग' असा चालू काळ वापरते. 'ही हॅज वोर्न अ ब्ल्यू शर्ट' हे वाक्य मी मसुद्यांत वारंवार दुरुस्त करते.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. 'ओळखले' आणि 'ओळखत होतो' हा भेद मी इतकी वर्षे रोज वापरते, पण त्याचा इंग्रजी शिकवण्याशी असा संबंध जोडलेला मी कुठे वाचला नव्हता. उद्याच फळ्यावर या दोन वाक्यांपासून सुरुवात करेन.

एक शंका मात्र राहते. मॅकडोनाल्ड्सची २००३ सालापासूनची 'आयॅम लव्हिन इट' ही जाहिरात मुलांना ठाऊक आहे आणि लव्ह तर यादीत आहे. शिवाय इंग्रजी मालिकांमध्ये 'हाउ आर यू लायकिंग द न्यू जॉब?' आणि 'आय हॅव बीन वाँटिंग टु मीट यू' अशी वाक्ये मी स्वतः ऐकली आहेत. ही चूक म्हणून सांगावी की बरोबर म्हणून?

ग्लासगोकर यांचे उत्तर

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षे स्कॉटलंडमध्ये आहे. ताईंच्या शंकेला जोडून एवढेच नोंदवतो की ही सीमारेषा सगळ्या इंग्रजीत एकाच जागी नाही. इथल्या बोलण्यात 'आय ॲम वाँटिंग', 'आय ॲम नीडिंग' असे प्रयोग सहज कानावर पडतात. बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच बोलत आले आहेत आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. आयर्लंड आणि वेल्समधल्या इंग्रजीतही चालू रूपाचा वापर दक्षिण इंग्लंडपेक्षा सैल आहे, आणि त्यामागे तिथल्या केल्टिक भाषांचा प्रभाव असावा असे अनेक अभ्यासक मानतात. भारतीय इंग्रजीबद्दल भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी हेच निरीक्षण फार पूर्वी नोंदवले होते की स्थितिवाचक क्रियापदे चालू रूपात वापरणे हे दक्षिण आशियाई इंग्रजीचे एक ठळक वैशिष्ट्य आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. मुलांना परीक्षेचे इंग्रजी शिकवणे आवश्यक आहेच, पण 'आय ॲम हॅविंग अ डाउट' म्हणणाऱ्या माणसाला अडाणी समजू नये, हेही त्यांनी त्याच वर्गात ऐकले पाहिजे.

दुसरे असे की ही रेषा काळानुसारही हलत आली आहे. शेक्सपिअरच्या काळी समोरचा माणूस आत्ता काय वाचतो आहे हे साध्या वर्तमानकाळात विचारता येत असे; चालू रूप उपलब्ध होते, पण आजच्यासारखे सक्तीचे नव्हते. अठराव्या शतकात घर बांधले जात आहे हे सांगायला 'द हाउस इज बिल्डिंग' असे म्हणत. आज आपण जे 'इज बीइंग बिल्ट' शिकवतो ते त्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले, आणि एकोणिसाव्या शतकातही काही व्याकरणकार त्या रचनेला अशुद्ध म्हणून नावे ठेवत होते. व्याकरणमित्र सरांनी दिलेले 'इज बीइंग काइंड' हेही त्याच सुमाराचे; तशा प्रयोगाचे एक जुने उदाहरण जॉन कीट्स या कवीच्या १८१९ सालच्या पत्रात सापडते. एकदा रूप रुजले की ते हळूहळू नव्या क्रियापदांकडे पसरते, आणि स्थितिवाचक क्रियापदे ही त्या पसरण्यातली सर्वांत शेवटची, सर्वांत चिवट जागा आहे असे मला वाटते.

व्याकरणमित्र

ग्लासगोकर यांच्याशी मी सहमत आहे, आणि ताईंच्या तीन वाक्यांचे उत्तर त्याच धाग्यात देतो.

इंग्रजी ऐकणाऱ्याला स्थितिवाचक क्रियापद चालू रूपात भेटले, तर तो ते लगेच चूक ठरवत नाही. आधी त्यात क्रियेचा काही अंश सापडतो का हे पाहतो. जाहिरातीतले वाक्य कायमच्या आवडीबद्दल बोलत नाही. हातातला घास खाताना या घटकेला जो आनंद घडतो आहे, त्याबद्दल ते बोलते, आणि म्हणून ते इंग्रजी कानाला थोडे नवे पण समजण्याजोगे वाटते. 'हाउ आर यू लायकिंग' मध्ये नोकरी नवी आहे, मत अजून बनते आहे, ही सूचना आहे. 'आय हॅव बीन वाँटिंग' तर पूर्णपणे शिष्टसंमत आहे. तिथे इच्छा मागच्या काही काळापासून मनात सतत राहिली आहे असा भर आहे. त्याच साच्यात 'आय हॅव बीन नोइंग' मात्र प्रमाण इंग्रजीत बसत नाही, कारण इच्छेला तीव्रता असते, ती वाढते, उचल खाते, पण माहीत असण्याला तसे कमीजास्त होणे फारसे नसते. अंश बदलू लागला की अगदी कट्टर क्रियापदेही वाकतात. 'ही रिझेम्बल्स हिज फादर' हीच एरवीची रीत असली, तरी 'ही इज रिझेम्बलिंग हिज फादर मोर अँड मोर' हे वाक्य निर्दोष आहे, कारण साम्य दिवसेंदिवस वाढते आहे आणि वाढणे ही घडणारी गोष्ट आहे. 'आय ॲम अंडरस्टँडिंग इट मोर अँड मोर' हेही त्याच न्यायाने चालते, तेव्हा एखाद्या मुलीने ते लिहिले तर कृपया गुण कापू नयेत.

तात्पुरतेपणाचा अंश कसा काम करतो हे दाखवायला मला 'लाय' हे क्रियापद फार आवडते. 'द बुक इज लाइंग ऑन द टेबल' म्हणतात, कारण पुस्तक उद्या उचलले जाईल. पुणे मुळा-मुठेच्या काठी वसले आहे, हे सांगताना मात्र 'पुणे लाइज ऑन द मुळा-मुठा' असेच म्हणावे लागते; तिथे 'इज लाइंग' म्हटले तर शहर कोणी तरी आणून ठेवल्यासारखे आणि लवकरच हलणार असल्यासारखे वाटते. लेखणीताईंनी दिलेली बसणे, घालणे, झोपणे ही उदाहरणेही इथेच येतात. त्या स्थिती माणूस काही वेळ सांभाळतो आणि मग सोडतो, म्हणून इंग्रजी त्यांना क्रियांच्या पंक्तीला बसवते.

एक गट अजून राहिला, तो एका क्षणात घडणाऱ्या घटनांचा. 'नोटिस', 'रेकग्नाइज' यांनाही चालू काळ नको असतो, पण कारण अगदी उलटे आहे. स्थितीला टप्पे नसतात, तर या घटनांना मध्यच नसतो. लक्षात आले म्हणजे आले, त्यात अर्धे लक्षात येणे नाही. तरी 'द ट्रेन इज अरायव्हिंग' चालते, कारण तिथे फलाटाजवळ येण्याचा पूर्वभाग आपण त्या घटनेत धरतो.

परीक्षेपुरते विचाराल तर नो, ओन, बिलाँग, कन्टेन, कन्सिस्ट आणि मालकीचे हॅव एवढ्यांना कधीही चालू रूपात लिहू नये असे नववीच्या मुलांना निक्षून सांगावे. बाकीच्यांसाठी यादी न देता वाक्यांच्या जोड्या द्याव्यात.

कृष्णाकाठ

सर, जोड्या मी आजच केल्या आणि वर्गात दिल्या. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता, तिने 'द सूप टेस्ट्स सॉल्टी' आणि 'मदर इज टेस्टिंग द सूप' या जोडीवर आपणहून सांगितले की पहिल्यात आमटी काहीच करत नाही, दुसऱ्यात आई पळीतून थोडी आमटी घेऊन चाखते आहे. नंतर तिने नवा प्रश्न काढला की 'आय फील टायर्ड' आणि 'आय ॲम फीलिंग टायर्ड' ही दोन्ही पुस्तकात बरोबर म्हणून का दिली आहेत, आणि त्यांच्या अर्थात फरक आहे की नाही. मी तिला उद्यापर्यंत वेळ मागितला आहे.

लेखणी-ठाणे

ताई, शरीराच्या जाणिवांच्या बाबतीत, म्हणजे फील, 'एक' (ठणकणे), हर्ट, इच या क्रियापदांना, इंग्रजी दोन्ही रूपे देते आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. दुखणे किंवा थकवा ही स्थितीही आहे आणि अंगात काही तरी घडत असल्याची जाणीवही आहे, त्यामुळे ती रेषेच्या दोन्ही बाजूंना उभी राहू शकते. आपणही 'माझे डोके दुखते' आणि 'माझे डोके दुखते आहे' ही दोन्ही वाक्ये डॉक्टरांपुढे म्हणतो, पण आपल्याकडे पहिल्यात वारंवार दुखण्याची छटा येते. इंग्रजीतल्या 'माय हेड हर्ट्स' मध्ये ती तितकी नाही; ते आत्ताच्या दुखण्याविषयीही सहज म्हणतात. मात्र 'फील' मत सांगायला वापरले, जसे 'आय फील दॅट ही इज राँग', तर ते पुन्हा थिंकच्या वळणावर जाते आणि तिथे साधे रूपच ठेवावे.